तीन मिलिमीटरची वात

“पंचवीस,” देवाजी म्हणाले आणि त्यांनी हँडल सोडलं.

पितळी वाटीतल्या ओल्या मातीत मधोमध पाडलेली चीर पंचविसाव्या ठोक्याला तळाशी मिटली होती. त्याच मातीचा दुसरा गोळा त्यांनी आधीच माझ्या भांड्यात भरून दिला होता. मी कळ दाबली. चकचकीत पोलादी शंकू मातीत बुडाला. पाच सेकंद मोजून मी डायल वाचली.

“किती गेला तुमचा खिळा?” देवाजींनी विचारलं.

“वीस मिलिमीटर. विसाहून जरा जास्त.”

“मंजे?”

“म्हणजे तुमची वाटी आणि माझा शंकू एकच सांगतायत.”

ते उठून माझ्या बाजूला आले, वाकून त्यांनी डायल स्वतः पाहिली. “अठरा वर्षं झाली मले हँडल फिरवून,” ते म्हणाले, “अन् हा खिळा पाच सेकंदात तेच सांगते. चला, दुसरी माती घेऊ. फसते का पाहू.”

ही १९८५च्या एप्रिलमधली गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात एका मातीच्या धरणाचं काम चालू होतं आणि मी तिथे कनिष्ठ अभियंता होते. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. तिथे माझ्याखाली, म्हणजे कागदावर माझ्याखाली, देवाजी मोहुर्ले हे एकच प्रयोगशाळा सहायक होते. वय सत्तेचाळीस. मी सव्वीस वर्षांची, नागपूरच्या कॉलेजात नोकरी सांभाळून एम.टेक. करत होते. प्रबंधाचा विषय होता माती तपासायच्या दोन पद्धतींची तुलना: जुनी वाटी आणि नवा शंकू. शंकू मी कॉलेजातल्या सरांकडून उसना आणला होता आणि एस.टी.त मांडीवर धरून बसले होते.

मातीत थोडं पाणी घातलं तर ती फुटते. आणखी घातलं की कणकेसारखी मळता येते. त्याहून जास्त झालं की ओघळायला लागते. कणीक कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे पाण्याच्या टक्क्यांत सांगणारे दोन आकडे आम्ही काढायचो. वरचा आकडा वाटीने निघायचा, चीर पंचवीस ठोक्यांना मिटेल इतक्या पाण्याला; आता शंकूनेही निघणार होता, तो वीस मिलिमीटर बुडेल इतक्या पाण्याला. खालचा आकडा मात्र दोन्हीकडे हातानेच काढायचा. काचेवर माती बोटांनी वळत तीन मिलिमीटर जाडीची वात करायची. वात झाली आणि तुटली नाही तर पुन्हा गोळा करून पुन्हा वळायची. बरोबर तीन मिलिमीटरला ती भेगाळून तुटली की थांबायचं, तुकडे डबीत घालून वजन करायचे, भट्टीत वाळवायचे आणि त्यात पाणी किती होतं ते काढायचं. दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल तर माती चांगली चिकण, धरणाच्या गाभ्यात घालण्याजोगी. आमच्या कामावर ते अंतर किमान पंधरा हवं असा नियम होता. गाभ्यातून पाणी झिरपलं तर धरण आतून पोखरतं.

पहिल्या खदानीची माती संपत आली होती. दुसरी खदान उघडायची होती आणि तिचा अहवाल सोमवारी जायचा होता.

तीन दिवसांत आम्ही बारा नमुने केले. वाटी आणि शंकूत एका टक्क्याच्या वर फरक कुठेच पडला नाही. मला जरा वाईटच वाटलं. दोन पद्धतींत फरकच नसेल तर प्रबंधात लिहायचं काय? देवाजी मात्र खूश होते. “खिळा प्रामाणिक आहे,” ते म्हणाले.

मग आम्ही वाती वळायला बसलो. तुलना पुरी व्हावी म्हणून प्रत्येक नमुन्याची वात दोघांनी वेगवेगळी करायची असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या खदानीच्या पहिल्या मातीचा वरचा आकडा छत्तीस. खालचा देवाजींचा आला अठरा. माझा तेवीस.

म्हणजे त्यांच्या हिशेबाने अंतर अठरा, माती पास. माझ्या हिशेबाने तेरा, माती नापास.

“तुमचा हात नवा आहे, मॅडम,” ते समजुतीनं म्हणाले. “लवकर सोडून देता तुमी. वात आणखी चालते.”

मला ते पटलं. मी दुसरा नमुना केला. त्यांचा एकोणीस, माझा चोवीस. तिसऱ्यातही तेच. मी चुकत असते तर कधी वर, कधी खाली चुकले असते. प्रत्येक वेळी पाचाचाच फरक कसा?

त्या प्रश्नाने मला पकडलं. जिथे यंत्रं दोन होती तिथे उत्तर एक येत होतं. जिथे पद्धत एकच होती तिथे उत्तरं दोन. मी आधी काच बदलली. माझी त्यांना दिली, त्यांची मी घेतली. फरक तसाच. पाण्याची बाटली बदलली, तराजू तपासला, भट्टीतल्या डब्यांच्या जागा बदलल्या. फरक तसाच. शेवटी आमचे उपअभियंता पिंपळापुरे साहेब दुपारी चक्कर मारायला आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे मातीचा गोळा ठेवला.

“सर, जरा वात वळून देता?”

“मी? गोतमारे, वीस वर्षांत हात लावला नाही मी मातीला.” पण त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि बसले. त्यांचा आकडा आला साडेतेवीस.

“मग बरोबर कोण?” ते म्हणाले.

“ते अजून कळलं नाही.”

“देवाजी अठरा वर्षं करून राहिलेत. त्यांचा आकडा लिहा अन् सोमवारी सहीला आणा. कंत्राटदाराची यंत्रं उभी आहेत.”

कपाटाच्या तळाशी पत्र्याचं एक पिंप होतं. त्यात वर्षानुवर्षं एकच माती भरून ठेवलेली, हात पारखायची माती. दर सहा महिन्यांनी तिची चाचणी करायची आणि वहीत लिहायची असा जुन्या कोणा साहेबाने पाडलेला शिरस्ता होता आणि देवाजींनी तो कधी चुकवला नव्हता. बुधवारी ते जेवायला गेले असताना मी ती वही काढली. सगळं त्यांच्याच वळणदार अक्षरात. खालचा आकडा चोवीस. चोवीस. साडेतेवीस. चोवीस. सलग आठ वर्षं असंच. मग त्र्याऐंशीची दिवाळी, बावीस. त्यानंतर एकवीस. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीला एकोणीस.

पिंपातली माती तीच होती. वरचा आकडा त्याच आठ वर्षांत आणि त्यानंतरही जागचा हलला नव्हता. म्हणजे हँडल फिरवणारा हात ठीक होता. वात वळणारा हात बदलला होता, आणि तोही हळूहळू.

त्या दुपारपासून मी मातीकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघायला लागले.

ते फार दाबून वळत होते. इतकं, की बोटांची पेरं पांढरी पडत. दाबून वळली की वात जास्त वेळ टिकते, तोवर माती आणखी सुकते आणि आकडा खाली येतो. आणि वळताना ते वातीवरची नजर ढळू देत नव्हते. मी स्वतः वळताना खिडकीबाहेर पाहिलं तरी मला वात कुठवर आली ते कळायचं. ते एकदाही बाहेर पाहत नव्हते.

गुरुवारी सकाळी त्यांनी भट्टी उघडली. आतलं तापमान एकशे दहा अंश. आम्ही सगळे चिमट्यानं डब्या काढायचो. देवाजी नुसत्या उजव्या हातानं उचलायचे, एकेक करून, शांतपणे. सगळ्या कार्यालयात त्याचं कौतुक होतं. नवीन माणूस आला की शिपाई मुद्दाम दाखवायला आणायचा. त्या दिवशी शेवटची डबी टेबलावर ठेवून ते वळले, तेव्हा त्यांच्या मधल्या बोटाच्या टोकाला टच्च पांढरा फोड मला दिसला.

“हे कधी भाजलं, भाऊ?”

“काय?”

“बोट.”

त्यांनी हात उलटा करून पाहिला. डाव्या हातानं फोड दाबला. “काल नव्हता,” ते म्हणाले. मग भट्टीकडे पाहून, “आता झाला असंन.”

मी काचेवरची एक कच्ची वात उचलली. “भाऊ, एक गंमत करू या. डोळे मिटा. हात पुढं करा. मी वात कुठल्या बोटावर ठेवते ते सांगा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गंमत नाही हे त्यांना कळलं असावं, पण त्यांनी डोळे मिटले. मी वात करंगळीवर ठेवली.

“ठेवा ना,” ते म्हणाले.

मी ती उचलली, अनामिकेवर ठेवली.

“मधलं,” ते म्हणाले.

मधल्या बोटावर ठेवली. ते गप्प राहिले. तर्जनीवर ठेवली. “हां. आता पहिलं बोट. हे कळलं.” त्यांनी डोळे उघडले आणि वात तर्जनीवर पाहून जरा बरं वाटल्यासारखं केलं. मी ती आधी कुठं कुठं ठेवली होती ते सांगितलं. ते स्टुलावर बसले.

“मले माहीत आहे, मॅडम,” ते म्हणाले. “दीड वर्ष झालं. आधी करंगळी गेली. वाटलं, जन्मभर ओल्या मातीत हात आहे, गारठला असंन. मग बाकीची. वात हाताले लागतच नाही. मंग मी डोळ्यानं पाहून करतो. भेग दिसली की थांबतो.”

“आणि दाबता.”

“दाबल्याबिगर काही हातात आहे असंच वाटत नाही.”

त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट, कोरडा डाग होता. एप्रिलच्या घामानं त्यांचा सगळा हात चमकत होता. तेवढी जागा सोडून.

“डॉक्टरला दाखवलं?”

“नाही.”

“काऊन?” माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

“माझा काका होता,” ते म्हणाले. “त्याले असाच डाग होता. गावानं नाल्यापलीकडं झोपडी बांधून दिली. माझी आजी दगडावर भाकर ठेवून यायची अन् मागं सरून उभी राहायची. मी तिच्यासंगं जायचो. काकाची बोटं मी पाहिली आहेत, मॅडम.” त्यांनी बाही खाली ओढली आणि बटण लावलं. “तुमी तुमचे आकडे लिहा. दुसरी खदान नापास करा. माझे खोडून टाका. कोणाले कायले सांगाचं?”

“दुसऱ्या खदानीचं तसं करता येईल,” मी म्हणाले. “पण पहिल्या खदानीचे दीड वर्षांचे नमुने तुमच्या हातचे आहेत. ती माती धरणात गेली आहे.”

हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. ते उठले, मागच्या खोलीत गेले. प्रत्येक नमुन्याची राखून ठेवलेली पिशवी तिथे फळ्यांवर असायची. दीड वर्षांतल्या सगळ्या पिशव्या त्यांनी मोजल्या. परत येऊन म्हणाले, “एकशे चौदा.”

शुक्रवारी ते कामावर आले नाहीत. मी दिवसभर वाटी पुसत बसले. त्यांना डोळे मिटायला लावायचा मला काय अधिकार होता, असं मनात येत राहिलं. मला एका फरकाचं कारण हवं होतं. ते मिळालं होतं, आणि आता त्याचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी मी स्वतःच जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन चौकशी करावी म्हणून बसस्टँडवर गेले. तिथे बाकावर देवाजी बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. शेजारी त्यांची बायको शेवंताबाई. मी तिला त्याआधी एकदाच पाहिलं होतं.

“ह्या बाईनं पकडलं म्हणते तुमाले,” ती नवऱ्याला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. मग सरकून तिनं मला बाकावर जागा केली. “मी वर्षभर विचारून रायली, हाताले काय झालं. मले म्हणे, काही नाही.”

रुग्णालयात आम्ही तिघं मिळून गेलो. चामडीच्या विभागात डॉक्टर कुरेशी नावाच्या बाई होत्या. त्यांनी कापसाचा बोळा घेतला, टोक काढून बारीक केलं आणि देवाजींना डोळे मिटायला सांगितले. आम्ही केलेलीच परीक्षा, पण खांद्यापासून. मग कोपराच्या आतली नस अंगठ्यानं चाचपली. ती दोरीसारखी जाड झाली होती. डागाच्या कडेची चामडी खरवडून, काचपट्टीवर घेऊन त्यांनी तपासायला पाठवली आणि दुपारी आम्हाला परत बोलावलं.

“कुष्ठरोग आहे,” त्या सरळ म्हणाल्या. शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला. “ऐकून घ्या आधी. आता नवीन औषधं आली आहेत, तीन गोळ्या एकत्र. नेमानं घेतल्या तर हा जातो. गोळ्या सुरू झाल्या की यांच्यापासून दुसऱ्याला होत नाही. घरात ताट वेगळं करायचं नाही, अंथरूण वेगळं करायचं नाही. आणखी वर्षभर थांबला असतात तर मात्र बोटं वाकली असती.”

“हाताले परत कळंन का?” देवाजींनी विचारलं.

“थोडं कळेल, थोडं नाही कळणार. खात्री देत नाही. गरम वस्तूला मात्र हात लावायचा नाही.” मग त्यांनी कार्ड लिहिता लिहिता विचारलं, “इतक्या लवकर आलात कसे? लोक बोटं वाकल्यावर, झडल्यावर येतात.”

देवाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. “यांचा आकडा जुळत नव्हता,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी पिंपळापुरे साहेबांना काय सांगायचं याची चार वाक्यं मनात घोकून गेले होते. त्यांची गरज पडली नाही. देवाजी माझ्या आधी त्यांच्या टेबलासमोर उभे होते.

“साहेब, मले महारोग झाला आहे,” ते म्हणत होते. “गोळ्या चालू केल्या. हाताले काही लागत नाही, मंग वातीचे आकडे चुकले. दीड वर्षाचे. एकशे चौदा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांची खुर्ची थोडी मागे सरकली, हे मी पाहिलं आणि देवाजींनीही पाहिलं. मग ती तिथेच थांबली.

“पिशव्या शाबूत आहेत?” साहेबांनी विचारलं.

“सगळ्या. फळीवर लावून आहेत.”

“गोतमारे, किती दिवस लागतील?”

“तीन आठवडे, सर. देवाजीभाऊ बरोबर असतील तर.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. कंत्राटदाराची यंत्रं तिथून दिसायची. “मी वर फोन करतो,” ते म्हणाले. “शिव्या मी खातो. तुम्ही माती पाहा.”

पुढचं आधी सांगून टाकते. पहिल्या खदानीचे सगळे आकडे बदलले, पण अंतर पंधराच्या खाली कुठंच गेलं नाही. सर्वांत कमी आलं सोळा. दुसऱ्या खदानीची माती गाभ्यात घातली नाही, बाहेरच्या बाजूच्या भरावाला वापरली आणि गाभ्यासाठी चार किलोमीटरवर तिसरी खदान उघडली. धरणाला आता जवळजवळ चाळीस वर्षं होतील. कार्यालयात काही लोकांनी देवाजींच्या हातचं पाणी घेणं बंद केलं, त्यातल्या निम्म्यांनी पुढच्या वर्षी परत सुरू केलं. दोन वर्षं गोळ्या चालल्या. करंगळी थोडी वाकडी झाली, बाकीचा हात सरळ राहिला आणि निवृत्त होईपर्यंत वाटीचं हँडल तेच फिरवत होते. माझ्या प्रबंधात शंकू आणि वाटी एकच उत्तर देतात हे मी ऐंशी पानांत सिद्ध केलं. हाताबद्दल एक परिच्छेद लिहिला, नाव न घालता. परीक्षकांनी त्याच्यावर काही विचारलं नाही.

पण मला अजून लख्ख आठवतो तो फेरतपासणीचा पहिला दिवस. देवाजींनी माती चाळून, भिजवून, मळून दिली. मळलेला गोळा किती ओला आहे ते त्यांना नुसत्या चमकेवरून कळायचं. मी वळायला बसले आणि ते समोर स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवून. पहिल्या दोन वाती मी न बोलता केल्या. तिसऱ्या वेळी ते म्हणाले,

“थांबा. आता कशी आहे?”

“तुटायला आली.”

“ते मले दिसते. हाताले कशी लागते?”

इतके दिवस मी हे करत होते, पण तसं कोणी विचारलं नव्हतं. मी वात हळू मागे-पुढे केली.

“आधी मेणासारखी होती,” मी म्हणाले. “आता मेण गेलं. आत बारीक रवा असल्यासारखं लागतं.”

“रवा,” ते म्हणाले.

“हो. आणि गारवा कमी झाला. मघाशी गार होती.”

“गारवा कमी होते?”

“होतो. थोडासा.”

वात माझ्या बोटांखाली तुटली. मी तुकडे डबीत टाकले, त्यांनी झाकण लावून नंबर लिहिला.

“अठरा वर्षं केलं,” ते म्हणाले, “पण गारव्याचं माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.” त्यांनी पुढचा गोळा माझ्याकडे सरकवला. “घ्या. या बारीनं हळू करा. अन् बोलत राहा.”